बंद पडलेलं इंजिन आणि त्याला बंद पाडणारी खडी

मॉडेल रेल्वेचं माझं पहिलं इंजिन, एचओ मापाचं, मी दोनदा दुरुस्त केलं. पहिल्यांदा ते जुनं होतं म्हणून, आणि दुसऱ्यांदा मी त्याच्यासाठी हौसेने जमीन तयार केली म्हणून. गोंदात बसवलेली खडी, रुळाकडेचं गवत, चाळून घेतलेली खरीखुरी माती, सगळं मनासारखं झालं. इंजिन रुळावर ठेवलं. ते हातभर गेलं, घरघरलं आणि थांबलं. उघडून बघतो तर गिअरच्या दात्यांत खडीचे दोन कण, आसाला गुंडाळलेला गवताचा नायलॉनचा धागा, आणि मोटरच्या चुंबकावर दाढी वाढल्यासारखी काळी बारीक कणी. ती कणी मातीतून आली होती.

इंजिन आणि जमीन एकाच टेबलावर तयार होतात, पण दोघांचं एकमेकांशी पटत नाही. खाली मी आधी इंजिन घेतो, मग जमीन, आणि दोघांना एकमेकांपासून लांब कसं ठेवायचं ते ओघात येईल. मापं सगळी एचओची, म्हणजे १:८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन स्केलवाल्यांनी (१:१६०, ९ मिमी) मापं साधारण निम्मी धरावीत आणि सहनशक्ती दुप्पट.

मेलंय की झोपलंय?

जुनं इंजिन हातात आलं की ते रुळावर ठेवून रेग्युलेटर पूर्ण फिरवायचा मोह होतो. आवरा. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. अशा गिअरबॉक्सवर १२ व्होल्ट सोडले की मोटर फिरत नाही, नुसती तापते.

आधी कवच काढा. काही कवचं आतल्या खाचांवर अडकवलेली असतात, काहींचे स्क्रू कपलरच्या (डबे जोडायच्या आकड्याच्या) पेटीतून वर गेलेले असतात. इंजिन उलटं करून दोन मिनिटं नुसतं बघा, ओढाताण करू नका. निघालेले स्क्रू ठेवायला मी आठवड्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी वापरतो. सोमवारच्या खणात कवचाचे, मंगळवारी कपलरचे, बुधवारी बोगीच्या (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा) झाकणाचे. जोडताना शनिवारकडून सोमवारकडे यायचं, चुकायला जागाच नाही. तरीही त्या पहिल्या दुरुस्तीत बुधवारचा एक स्क्रू चिमट्यातून उडाला आणि मी टॉर्च घेऊन अर्धी रात्र फरशीवर रांगलो. सापडला नाही.

कवच निघालं की फ्लायव्हील, म्हणजे मोटरच्या आसावरचं जड चाक, बोटाने फिरवा. ते सहज फिरलं तर नऊ व्होल्टची बॅटरी थेट मोटरच्या दोन टोकांना लावा. मोटर फिरली तर दोष मोटरमध्ये नाही, चाकापासून मोटरपर्यंतच्या वाटेत आहे. ती वाट अशी: रूळ, चाक, चाकाला घासणारी पितळी पट्टी, वायर, मोटर. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून एकेक सांधा तपासत जा. दहातली आठ इंजिनं पितळी पट्टीवरच्या काळ्या थरामुळे किंवा चाकांवरच्या मळामुळे बंद असतात, असा माझा अंदाज आहे. मोजदाद केलेली नाही.

चाकं साफ करायची सोपी युक्ती सांगतो. टिश्यू पेपरची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा. ओलसर म्हणजे थेंब गळता कामा नये, कारण चाकाखाली ठिणग्या पडतात. पट्टी रुळांवर आडवी टाका, इंजिनाची एक बोगी तिच्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवा, इंजिन हाताने धरून निम्मा वेग द्या. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतील. पट्टी सरकवा, पुन्हा करा. रेघा उमटायच्या थांबल्या की इंजिन फिरवून दुसरी बोगी घ्या.

बॅटरी लावूनही मोटर हलली नाही, तर कम्युटेटर बघा. तांब्याच्या त्या छोट्या दंडगोलावर कार्बनचा थर असतो. अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून तो पुसा, आणि तुकड्यांमधल्या फटींतली काजळी लाकडी काडीच्या टोकाने काढा. सुई वापरू नका, तांब्यावर चरा पडतो. जुन्या उघड्या मोटरमधून आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) मात्र उगाच बाहेर काढू नका. त्यातल्या जुन्या जातीच्या चुंबकांची ताकद आर्मेचर काढल्यावर घटते, आणि पुन्हा जोडलेलं इंजिन पहिल्यासारखं ओढत नाही.

आता गिअर. बोगीचं खालचं झाकण काढून चाकं बाहेर घ्या, जुनं ग्रीस अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घालवा. चालताना इंजिन दर फेऱ्याला ‘टक्’ करून उडत असेल, तर आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकलेला असतो. तडा इतका बारीक असतो की भिंगातूनही पटकन दिसत नाही. आस नखाने पिळून बघा, तडा उघडतो. तो चिकटवायचा प्रयत्न मी केलाय, तुम्ही करू नका. या गिअरचं प्लास्टिक जवळजवळ कुठल्याच गोंदाला धरत नाही. नवा गिअर घाला, आणि चाकं परत बसवताना दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. गिअर तडकला की हे अंतर हळूच वाढतं आणि इंजिन फक्त सांध्यांवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे, घसरायला लागतं. मग आपण बिचाऱ्या सांध्यांनाच दोष देत बसतो.

वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं काढलीत तर आणखी एक भानगड. एका बाजूच्या क्रँकपिना (चाकांवरच्या, दांडे अडकवायच्या खुंट्या) दुसऱ्या बाजूच्या पिनांच्या ९० अंश पुढे असतात, आणि सगळ्या आसांवर हा कोन तंतोतंत सारखा लागतो. एक आस जरी दोन अंशांनी चुकली तरी दांडे अडकतात आणि इंजिन लंगडतं. पहिलीच दुरुस्ती असेल तर डिझेल घ्या.

तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. आसाच्या बेअरिंगला एक टोक, मोटरच्या दोन्ही बेअरिंगना एकेक टोक, बस. वर्मला (मोटरच्या आसावरच्या स्क्रूसारख्या गिअरला) प्लास्टिकला चालणारं ग्रीस, तेही दाते झाकणार नाहीत इतकंच. जास्त तेल कम्युटेटरवर पोचतं, रुळांवर सांडतं, आणि पुढे ज्या धुळीबद्दल बोलणार आहे तिला ते चिकटपट्टीसारखं धरून ठेवतं. मग कवच न लावता अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगाने पळवा. आवाज बदलत जातो. तो ऐकत बसायला मला फार आवडतं.

डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम द्यायची डिजिटल पद्धत) बसवायचं असेल तर कवच लावण्याआधीच. जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक सरळ धातूच्या चासीला टेकलेलं असतं. मोटर दोन्ही रुळांपासून पूर्ण वेगळी झाल्याशिवाय डिकोडर (ते हुकूम वाचणारं छोटं सर्किट) जोडलात, तर पहिल्याच सेकंदाला धूर. वायरींचे रंग ठरलेले आहेत: लाल उजवा रूळ, काळा डावा, नारिंगी आणि करडा मोटरला, पांढरा पुढच्या दिव्याला, पिवळा मागच्या, निळा दिव्यांचा सामाईक. एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो, तिथूनच चाचणी सुरू करा.

एक दांडी

धावणारं इंजिन मिळालं की नटवायला घ्या. नवशिके इथे रंगापासून सुरू करतात. मी दांड्यांपासून करतो. स्वस्त इंजिनावर हाताने धरायच्या दांड्या प्लास्टिकमध्येच ओतलेल्या असतात, भिंतीवर गांडूळ चिकटल्यासारख्या. खरी दांडी दोन-अडीच सेंटिमीटर जाड. तिला ८७ने भागा, ०.३ मिमीच्या आत येते. म्हणून ०.३ची फॉस्फर ब्राँझ तार.

एकच दांडी कशी बसवायची ते सावकाश सांगतो, बाकीच्या वीस तशाच. ओतलेली दांडी छिन्नीसारख्या सपाट पात्याने तासून काढा. पातं भिंतीला जवळजवळ समांतर धरा आणि एका दमात न कापता पापुद्रे काढत जा. शेवटचा पापुद्रा पात्याने काढू नका, हजार नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासा. जुन्या दांडीची दोन टोकं जिथे होती तिथे सुईने टोचून खूण करा, नाहीतर ड्रिल घसरतं. मग हातात धरायच्या छोट्या पकडीत ०.३५ मिमीचं ड्रिल लावून बोटांनी फिरवा. जोर देऊ नका. हे ड्रिल केसासारखं आहे, बाजूला दाब पडला की तुटतं आणि नेमकं भोकात तुटतं. चार फेरे पुढे, एक मागे, भुगा फुंकून टाका.

तार सपाट तोंडाच्या पकडीवर दोनदा काटकोनात वाकवा. पकडीच्या तोंडावर मार्करने एक रेघ मारून ठेवली की सगळ्या दांड्या एकाच मापाच्या होतात. बसवताना भिंत आणि दांडी यांच्यामध्ये ०.७ मिमी जाडीची कार्डाची पट्टी सरकवा. खऱ्या इंजिनावर माणसाचा मूठभर हात त्या फटीत जायला हवा, म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर. ८७ने भागून बघा. पट्टी तिथेच ठेवून आतल्या बाजूने, म्हणजे कवचाच्या पोटातून, सुपरग्लूचा टिपका सुईने लावा. बाहेरून लावलेला सुपरग्लू रंगाखालूनही चमकतो. गोंद धरला की पट्टी ओढून काढा. दांडी भिंतीपासून सुटी, सावली टाकत उभी दिसेल. मी पहिली दांडी लावल्यावर टॉर्च तिरपी धरून ती सावली किती वेळ बघत होतो ते घरच्यांना विचारा.

रंगाचं थोडक्यात उरकतो. कवच भांडी घासायच्या साबणाने धुऊन, वाळवून, बोट न लावता प्राइमर. मग पातळ तीन हात, जाड एक नाही. आणि काळा रंग बाटलीतला काळा देऊ नका. छोट्या मॉडेलवर शुद्ध काळ्यात सगळे बारकावे बुडून जातात. थोडा करडा मिसळा. अक्षरांच्या डेकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्याखाली) आधी चकचकीत वार्निश हवं. खडबडीत मॅट रंगावर डेकल लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकी दिसते. डेकल बसलं, सेटिंगच्या द्रावणाने पत्र्याच्या खिळ्यांवर नीट लवलं, वाळलं, की वर मॅट.

मळवणं ही मात्र हळू करायची गोष्ट. खऱ्या इंजिनाचा फोटो समोर ठेवा, आठवणीतून मळवू नका. आठवणीत प्रत्येक इंजिन सगळीकडून गंजलेलं असतं. फोटोत बघाल तर काजळी फक्त एक्झॉस्टभोवती आणि छतावर, बोगीवर ब्रेकची तपकिरी धूळ, डिझेल भरायच्या तोंडाखाली एक ओला काळा ओघळ, आणि पायऱ्यांच्या कडा बुटांनी घासून उजळलेल्या. कोरड्या रंगपुडीला मॅट पृष्ठभाग लागतो, गुळगुळीतावर ती टिकत नाही. वर पुन्हा वार्निश मारलं की पुडीचा निम्मा परिणाम नाहीसा होतो, म्हणून ती थोडी जास्तच लावा. आणि सॉल्व्हंटच्या मॅट वार्निशवर अल्कोहोलचा वॉश (त्यात कालवलेला अगदी पातळ रंग) फिरवू नका. माझं एक कवच रात्रीत पांढरं पडलं, जणू पीठ चोळलं. वार्निशचा आणखी एक हात दिल्यावर पांढरेपणा गेला, पण ती रात्र वाईट गेली.

आता जमीन, आणि इंजिन कपाटात

कपाटात हे मी अक्षरशः म्हणतोय. झाकणाच्या डब्यात, डबा कपाटात. जमिनीचं काम संपेपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही.

सुरुवातीला अख्खी खोली भरायला जाऊ नका. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद एवढा तुकडा घ्या, त्यात एक सरळ रूळ आणि एक उतार. पायाला एक्सपीएस फोम, तो दाट, बारीक पेशींचा. दाणेदार थर्माकोल कापला की त्याचे दाणे घरभर होतात. फोमला सॉल्व्हंटचा गोंद किंवा कॅनमधला स्प्रे लागला की तो विरघळतो, म्हणून आधी एका तुकड्यावर करून बघा. गाडी चढवायची असेल तर शंभर सेंटिमीटरला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चढ देऊ नका. डोळ्याला दोन टक्के चढ दिसतही नाही, लांब गाडीच्या इंजिनाला मात्र चांगलाच कळतो.

फोमवर मातीच्या रंगाचा हात दिला, की वरून खरी माती. उन्हात कडक वाळवा, कुटा, वस्त्रगाळ करा. आणि मग, हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं, प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून तो मातीतून चार-पाच वेळा फिरवा. बऱ्याच मातीत, वाळूत तर हमखास, लोहखनिजाची काळी कणी असते. पिशवी बाहेर काढाल तेव्हा तिच्यावर केस उगवलेले दिसतील. चुंबक पिशवीतून काढला की ती कणी गळून पडते. पिशवीवर काही येईनासं होईपर्यंत करा. नाहीतर ती कणी एक दिवस मोटरचं चुंबक शोधून काढते.

खडी टाकण्याआधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा आणि माथा ओला असतानाच पुसून घ्या. नंतर ते नीट जमत नाही. खऱ्या रुळाखालची खडी पाच सेंटिमीटरची म्हटली तर आपला दाणा ०.६ मिमीच्या आत हवा. ‘एचओ’ म्हणून विकली जाणारी खडी पुष्कळदा याहून मोठी असते आणि रूळ दगडांच्या ढिगात पडल्यासारखे दिसतात. शंका आली तर एक नंबर बारीक घ्या.

चमच्याने थोडी थोडी खडी स्लीपरच्या मधोमध सोडा, मऊ रुंद ब्रशने पसरवा. स्लीपरच्या माथ्यावर आणि रुळाच्या आतल्या कडेला एकही दाणा राहता कामा नये. ब्रशच्या मागच्या टोकाने रुळावर टिचक्या मारत जा, दाणे आपोआप खाली बसतात. इथे जेवढा वेळ घालाल तेवढा थोडाच, कारण गोंद पडल्यावर जे आहे ते तसंच राहणार.

मग ओलं करणं. नुसतं पाणी टाकलं तर ते गोळ्या होऊन दाण्यांवरून गडगडतं आणि खडीत खड्डे पाडतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातला की पृष्ठताण मोडतो आणि पाणी शांतपणे आत मुरतं. फवाऱ्याचं तोंड वर, हवेत धरा, धुकं खाली पडू द्या. थेट रुळावर मारलं तर दाणे उडतात. सगळं गडद दिसायला लागलं की पांढरा गोंद निम्म्याला निम्मं पाणी घालून ड्रॉपरने सोडा. रुळाच्या बाहेरच्या बाजूने, थेंबाला थेंब लागून. गोंद दुधासारखा दिसेल, घाबरू नका, वाळला की पारदर्शक होतो. एक अख्खा दिवस हात लावू नका. सांध्याच्या हलत्या जिभेपाशी मात्र खडी जवळजवळ नकोच. तिथे मी नुसता खडीच्या रंगाचा हात देतो आणि वर चिमूटभर दाणे, तेही जिभेपासून लांब. गोंदाने चिकटलेला सांधा सोडवण्यापेक्षा नवा बसवणं सोपं.

गवताला उच्च दाबाचं स्थिर-विद्युत यंत्र लागतं. त्याची एक वायर ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला लावायची, मग जाळीतून पडणारे नायलॉनचे धागे उभे राहतात. खूप जण सगळीकडे सहा मिमीचं गवत लावून मोकळे होतात. सहाला ८७ने गुणा: बावन्न सेंटिमीटर. म्हणजे रेल्वेच्या कडेला गुडघाभर गवत, अगदी स्टेशनच्या दारापर्यंत. पायाखाली दोन मिमी, उतारावर चार, आणि सहा फक्त कुंपणाच्या खाली, जिथे कुणाचा पाय पडत नाही. रंगही एकच नको. हिरव्यात वाळलेल्या गवताचा पिवळा मुठीमुठीने मिसळा.

झाडांचा हिशेब उलटा. पंधरा मीटरचं झाड १७ सेंटिमीटरचं व्हायला हवं, पण साठ सेंटिमीटरच्या तुकड्यावर ते इंजिनाला खाऊन टाकतं. मी दहा-बारा सेंटिमीटरवर थांबतो. मापाच्या बाबतीत मी काटेकोर आहे, पण इथे डोळ्याचं ऐकतो.

पहिली फेरी इंजिनाची नाही

सगळं वाळलं. आता व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा आणि पूर्ण तुकडा ओढून घ्या. सुटं गवत आणि खडी मोज्यात जमते, ती पुन्हा वापरता येते. मग तुकडा उभा करून मागून चापट्या मारा. पुन्हा व्हॅक्युम. रुळाचे माथे कापडाला जरासं रॉकेल लावून पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने. अल्कोहोलपेक्षा रॉकेलने पुसलेले रूळ जास्त दिवस स्वच्छ राहतात असा माझा अनुभव आहे. पण खिडकी उघडी ठेवा, जवळ पेटतं काही नको, आणि ओलसरपणा मागे ठेवू नका. काही इंजिनांच्या चाकांना रबरी टायर असतात, ते रॉकेलने फुगतात. पॉलिशपेपर रुळाला कधीही लावू नका. त्याचे चरे मळ धरून ठेवतात.

यानंतर इंजिन नाही, एक रिकामा डबा. त्याच्या पोटाला मी बटणाएवढं चुंबक चिकटवलंय, रुळाच्या माथ्यापासून मिलिमीटरभर वर. निकेल सिल्व्हरचे रूळ चुंबकाला ओढत नाहीत म्हणून हे चालतं. पोलादी रुळांवर डबा चिकटून बसेल. हा डबा हाताने सगळ्या रुळावरून दोनदा फिरवायचा.

पहिल्या वेळी त्याने गोळा केलं ते असं: काळ्या कणीची एक मिशी, कापलेल्या खिळ्याचं टोक, स्टीलवूलचा एक धागा, आणि दीड मिलिमीटरचा एक स्क्रू. त्याचं डोकं ओळखीचं वाटलं म्हणून भिंगाखाली धरला. बुधवारच्या खणातला होता.